तूट कोणाच्या वहीत?

मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या वाहनांचा इतिहास बऱ्याच जणांनी लिहिला आहे. न धावलेल्या वाहनांचाही एक इतिहास आहे आणि तो अधिक बोलका आहे. १८६५ मध्ये स्टर्न्स अँड किट्रेज या अमेरिकी कंपनीने मुंबईत रूळ टाकून घोड्यांची ट्राम चालवण्याची परवानगी मागितली आणि ती मिळालीही. पण त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, सट्ट्यात बुडालेल्या मुंबईतल्या पेढ्या आणि बँका एकामागून एक बसल्या आणि ट्रामचा परवाना कागदावरच राहिला. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, महाराष्ट्र सरकारने व्हर्जिन हायपरलूप वन या अमेरिकी कंपनीशी मुंबई-पुणे मार्गासाठी करार केला. हवा काढून घेतलेल्या नळीतून प्रवासी अर्ध्या तासाच्या आत पुण्याला पोहोचणार होते. पुढच्या वर्षी राज्याने हा पायाभूत सुविधांचा सार्वजनिक प्रकल्प म्हणून घोषितही केला. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने नेवाडाच्या वाळवंटात ५०० मीटरच्या नळीत आपल्याच दोन कर्मचाऱ्यांना बसवून चाचणी घेतली. माणसे बसवून केलेली तिची ती पहिली धाव होती. २०२३ संपता संपता कंपनीनेच गाशा गुंडाळला. दोन्हींतला फरक झाकण्यात अर्थ नाही. घोड्यांची ट्राम १८६५ मध्ये परदेशांत सिद्ध झालेली होती आणि हायपरलूप २०१८ मध्ये कुठेच सिद्ध झालेला नव्हता. तरीही दोन्ही बेतांचा सारा भार परक्या भांडवलदाराच्या उमेदीवर होता. ती उमेद संपली की शहराच्या हाती काही उरणार नव्हते आणि तसे ते उरलेही नाही.

मुंबईच्या वाहतुकीची दीडशे वर्षे तपासली की एक गोष्ट वारंवार समोर येते. एखादे नवे वाहन टिकेल की नाही हे त्याच्या नवेपणावर क्वचितच ठरते. ते चालवताना रोज पडणारी तूट कोणाच्या वहीत लिहायची आणि किती वर्षे लिहायची, हे आधी ठरले आहे की नाही यावर ठरते. हा विचार रुक्ष वाटेल. मेट्रोचे उद्घाटन, विजेवरची दुमजली बस, वांद्रे-कुर्ला संकुलातली प्रस्तावित पॉड टॅक्सी अशा बातम्या वाचताना हिशेबाच्या वहीची आठवण कोणाला नकोच असते. पण या शहराने घोड्याची ट्राम, विजेची ट्राम, ट्रॉलीबस, डिझेलची दुमजली बस आणि मोनोरेल हे सारे आणले आणि काढले किंवा थांबवलेही. काढण्यामागची कारणे पाहिली तर यंत्राच्या दोषापेक्षा वहीचा दोष अधिक वेळा सापडतो.

मंदी ओसरल्यावर त्याच स्टर्न्स अँड किट्रेजच्या पुढाकाराने ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. भाडे तीन आणे होते आणि सुरुवातीला तिकीटच देत नसत. गर्दी वाढली तसे भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट्यांना आवर घालण्यासाठी तिकिटे छापावी लागली. हा धंदा नफ्याचा होता, पण त्याचा खर्च मोठा विचित्र होता. ट्राम ओढणारा घोडा दिवसातले काही तासच काम करू शकतो. त्यामुळे दिवसभर धावणाऱ्या एकेका डब्यामागे घोड्यांच्या अनेक जोड्या पोसाव्या लागतात. शतक संपेपर्यंत कंपनीच्या तबेल्यांत हजाराच्या घरात घोडी होती. गाडी उभी असो वा धावती, त्यांचा दाणा-वैरण चुकत नसे. मार्ग वाढवायचा म्हणजे आधी तबेला वाढवायचा. याच कारणाने जगातली बहुतेक शहरे विजेकडे वळली. मुंबईही वळली, पण वळताना तिने एक फार शहाणपणाची गोष्ट केली.

१९०५ मध्ये लंडनला नोंदलेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने नुसती ट्राम घेतली नाही, शहराला वीज पुरवण्याचा परवानाही घेतला. वाडी बंदरला वाफेवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. वीज आणि वाहतूक एकाच कंपनीकडे असण्यामागे मालकीच्या सोयीपलीकडचे, यंत्राचे कारण होते. त्या काळी विजेचा घरगुती उपयोग म्हणजे मुख्यतः दिवे. दिव्यांची मागणी संध्याकाळी चढते आणि रात्री उतरते. दिवसा जनित्रे रिकामी फिरणार, म्हणजे भांडवल पडून राहणार. ट्रामला मात्र वीज लागते ती दिवसा आणि पहाटेपासून. एकाच केंद्रातून दिवसा ट्राम आणि रात्री दिवे चालवले की जनित्राचा प्रत्येक तास कामी लागतो आणि दोन्हींची वीज स्वस्त पडते. ट्रामने दिव्यांना आणि दिव्यांनी ट्रामला आधार द्यायचा, ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतल्या अनेक शहरांत होती. पण बहुतेक ठिकाणी ती काही दशकांत मोडली, मुंबईत ती शंभर वर्षांच्या आसपास टिकली. पुढे टाटांची खोपोलीची जलवीज १९१५ मध्ये सुरू झाली, कंपनी स्वतः वीज निर्माण करण्याऐवजी विकत घेऊ लागली, जनित्रांचा मूळ हिशेब संपला. तरी वीज आणि वाहतूक एका ताळेबंदात राहिली. दिव्यांच्या विक्रीतली कमाई गाड्यांच्या तुटीला टेकू देत राहिली.

महापालिकेने १९०५ मध्ये या कंपनीशी केलेल्या करारात एक कलम होते, ज्याचे मोल आजच्या निविदा वाचताना जास्त कळते. ठरावीक मुदतीनंतर हा सारा कारभार विकत घेण्याचा हक्क महापालिकेने आपल्याकडे राखला होता. मुदत भरली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ट्राम, बस, वीज, आगार, तारा, मीटर सारे महापालिकेच्या मालकीचे झाले. त्याआधी १५ जुलै १९२६ पासून कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बस सुरू केली होती आणि १९३७ मध्ये दुमजली बस आणली होती. म्हणजे महापालिकेला मिळाली ती चालती, वाढती, स्वतःच्या पायावर उभी संस्था. पुढच्या काळात या संस्थेचे, म्हणजे बेस्ट उपक्रमाचे, कौतुक झाले ते चालक-वाहकांच्या शिस्तीचे आणि वेळेवर येणाऱ्या गाड्यांचे. ते रास्तच होते. पण त्या शिस्तीला पगार देणारी वीजबिलांची थैली मागे होती, हे कौतुक करणाऱ्यांच्या लक्षात क्वचित आले.

लोकलची गोष्ट वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर विजेची पहिली लोकल धावली. पश्चिमेकडे बीबीसीआय रेल्वेनेही तीन वर्षांत विजेच्या गाड्या सुरू केल्या. १९२५चा हा बदल नवलाईसाठी झाला नव्हता. वाफेच्या इंजिनाची गाडी शेवटच्या स्थानकात आली की इंजिन सोडून, वळवून किंवा दुसरीकडून आणून जोडावे लागे आणि तेवढा वेळ फलाट अडून राही. दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेली विजेची गाडी आल्या वाटेने लगेच परत फिरते, शिवाय प्रत्येक थांब्यानंतर झटकन वेग घेते. उपनगरांत वाढलेल्या वस्तीला नेमके हेच हवे होते. जी अडचण सर्वांना दिसत होती तिच्यावर नेमका उपाय, म्हणून हे तंत्र टिकले. पण टिकण्याचे दुसरे कारण पैशाचे आहे. करोनापूर्वी दिवसाला सुमारे ७५ लाख फेऱ्यांचा भार वाहणाऱ्या या गाड्यांचा मासिक पास खर्चाच्या मानाने अगदीच स्वस्त आहे. तो परवडतो कारण भारतीय रेल्वेत प्रवासी वाहतुकीची तूट मालवाहतुकीच्या कमाईतून भरली जाते. डोंबिवलीच्या कारकुनाच्या पासात चंद्रपूरच्या कोळशाचा वाटा असतो. त्या वाट्याची नोंद कोणी पासावर छापत नाही, म्हणून लोकल आपोआप चालते असा समज पसरतो.

यावर कोणी म्हणेल की विजेची ट्राम तर बेस्टच्या त्याच वहीत होती, मग ती का गेली? आक्षेप बरोबर आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. तोवर रूळ झिजले होते, डबे जुने झाले होते, रस्त्याच्या मधोमध चालणारी ट्राम मोटारींच्या गर्दीत अडत होती आणि मोटारींना अडवत होती. मद्रासची ट्राम १९५३ मध्ये आणि लंडनची १९५२ मध्ये गेली होती, तेव्हा मुंबईचा निर्णय काही जगावेगळा नव्हता. नुसत्या जुनेपणाच्या प्रेमापोटी ट्रामसाठी हळहळणाऱ्यांशी मी सहमत नाही. गिरगाव-काळबादेवीच्या रस्त्यावर १९६४ च्या पद्धतीची ट्राम आज चालवून दाखवणे अवघड आहे. मुद्दा निराळा आहे. ट्राम गेली तेव्हा शहरातून विजेवर चालणारे रस्त्यावरचे वाहनच हळूहळू गेले. जून १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली होती. रूळ नकोत, फक्त वरच्या तारा हव्यात, रबरी चाके आणि विजेची मोटर. रस्त्यातली अडचण हाच ट्रामवरचा खरा आरोप होता तर ट्रॉलीबस हे त्याचे चोख उत्तर होते. तीही मार्च १९७१ मध्ये बंद झाली. डिझेल स्वस्त होते, डिझेल बसला तारा लागत नाहीत, मार्ग हवा तेव्हा बदलता येतो. धुराची किंमत कोणत्याच वहीत लिहिली जात नव्हती. म्हणजे इथेही वहीच होती, फक्त तिच्यात एक रकाना कोरा होता.

तो कोरा रकाना भरायला पन्नास वर्षे लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेस्टची विजेवरची वातानुकूलित दुमजली बस धावू लागली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलच्या जुन्या दुमजली बसने शेवटची फेरी मारली. जुन्या बसला निरोप देताना शहर हळवे झाले, नव्या बसपाशी सेल्फी काढण्यात रमले. पण ज्या शहरात १९०७ पासून १९७१ पर्यंत विजेवरची सार्वजनिक वाहने रस्त्यावरून धावत होती, त्या शहराने २०२३ मध्ये विजेच्या बसला उद्याचे वाहन म्हणावे, याची गंमत फारशी कोणाला वाटली नाही. खरे तर बदलले होते ते विजेपेक्षा मालकीचे स्वरूप. नव्या बसपैकी बहुतेक बेस्टच्या नाहीत. ठेकेदाराची बस, ठेकेदाराचा चालक, देखभाल त्याची आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देणार, अशी ही भाडेतत्त्वाची पद्धत आहे.

ही पद्धत का आली ते समजण्यासाठी विजेच्या वहीकडे परत जावे लागते. २००३ चा वीज कायदा आला, वीज वितरणाचा हिशेब स्वतंत्र, पारदर्शक आणि नियामकाच्या देखरेखीखाली हवा असा दंडक झाला. एका धंद्याची तूट दुसऱ्या धंद्याच्या ग्राहकाकडून वसूल करणे या नव्या चौकटीत बसेना. काही काळ वाहतुकीच्या तुटीची वसुली वीजबिलात वेगळी दाखवून चालू राहिली, त्यावर वाद झाले, खटले झाले आणि पुढच्या दशकात ती थांबली. जी वही १९०५ पासून एक होती तिची दोन झाली. वाहतुकीच्या वहीत त्यानंतर फक्त तूट उरली. एप्रिल २०१७ मध्ये बेस्टने आपल्या वातानुकूलित बस बंद केल्या. जुलै २०१९ मध्ये प्रवासी परत यावेत म्हणून किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले, प्रवासी आलेही, पण प्रत्येक नव्या प्रवाशामागे तूट वाढली. मे २०२५ मध्ये किमान भाडे दुप्पट करून दहा रुपये केले. स्वतःच्या गाड्या म्हाताऱ्या होऊन निघत गेल्या, नव्या घ्यायला पैसा नव्हता आणि भाड्याच्या गाड्यांवर भिस्त वाढत गेली.

या ठिकाणी सर्वांत जोरकस आक्षेप उभा राहतो. बेस्टची वीज कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच, म्हणजे जुन्या बेटांच्या शहरातच जाते. तिच्या बस मात्र दहिसर-मुलुंडपर्यंत, काही तर महापालिकेची हद्द ओलांडून जातात. काळाचौकीच्या चाळीतल्या वीजग्राहकाने बोरिवलीच्या बसप्रवाशाचा खर्च का उचलावा? उपनगरातल्या ग्राहकाला दुसरी कंपनी वीज देते, त्याच्या बिलात हा बोजा नव्हता, हा अन्याय नव्हता का? अन्याय होता, हे मान्य करायला हवे. चाळीतल्या दिव्यावर आणि फोर्टमधल्या वातानुकूलित कचेरीवर सरसकट बोजा टाकणे कोणत्याच न्यायाने बरोबर नव्हते. पण एका चुकीच्या रकान्यातून तूट काढून घेतली तर ती दुसऱ्या, बरोबर रकान्यात लिहायला हवी होती. फोर्ट, नरिमन पॉइंट, लोअर परळ इथल्या कचेऱ्यांत रोज सकाळी जी माणसे वेळेवर पोहोचतात ती लोकलने आणि बसने पोहोचतात. त्यांच्या पोहोचण्यावर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी वाहतुकीचा वाटा उचलावा, हा विचार नवा नाही. पॅरिस परिसरात १९७१ पासून ठरावीक संख्येपेक्षा जास्त नोकर असलेल्या मालकांवर वाहतूक कर आहे आणि तिथल्या मेट्रो-बसच्या खर्चाचा मोठा भाग त्यातून येतो. हाँगकाँगच्या मेट्रो कंपनीला स्थानकांवरच्या आणि आसपासच्या जमिनीच्या विकासाचा हक्क मिळतो, आणि गाडीमुळे जमिनीचा भाव चढला की त्या चढीतला हिस्सा गाडीच्या वहीत जमा होतो. मुंबईत वीजग्राहकावरचा जुना बोजा काढला, हे ठीक झाले. त्याच्या जागी काही आणले नाही, ही चूक आहे, आणि तिचे खापर वीज कायद्यावर फोडता येणार नाही.

दुसरा आक्षेप अनुदानाच्या विरोधातला असतो. तूट भरून द्यायची हमी मिळाली की संस्था सुस्तावते, नोकरभरती फुगते, गाड्या रिकाम्या फिरतात, म्हणून वाहतूक तिकिटावर तगली पाहिजे किंवा खाजगी हाती गेली पाहिजे. यातल्या पहिल्या अर्ध्यात तथ्य आहे, पण दुसऱ्या अर्ध्याची परीक्षा मुंबईत झाली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११ किलोमीटरहून थोडी लांब मेट्रो ८ जून २०१४ रोजी खाजगी भागीदारीतून सुरू झाली. करारातले भाडे ९ ते १३ रुपयांचे होते. ती चालवणाऱ्या कंपनीला ते परवडत नव्हते, तिने १० ते ४० रुपयांची मागणी लावली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर भाडे वाढले. गाडी उत्तम भरते. तरीही कर्जाचा भार हटला नाही, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने खाजगी भागीदाराचा हिस्सा विकत घेण्याचे ठरवून काही महिन्यांतच ते मागे घेतले. भरगच्च धावणाऱ्या मेट्रोचीही ही अवस्था होते, तेव्हा दोष आळशी सरकारी कारभाराचा आहे असे म्हणता येत नाही. भूसंपादन, पूल, बोगदे, डबे यांचा उभारणीचा खर्च तिकिटातून फेडणे जगातल्या फारच थोड्या मेट्रोंना जमले आहे. हे करार करतानाच दोन्ही बाजूंना ठाऊक असते, फक्त कागदावर येत नाही.

मोनोरेल हे या सगळ्यातले सर्वांत कटू उदाहरण. चेंबूर-वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. डबे मलेशियाच्या कंपनीचे होते, चालवण्याचा ठेकाही तिच्याकडे होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनीजवळ डब्यांना आग लागली, सेवा महिनोन् महिने बंद राहिली, ठेका रद्द झाला, सुटे भाग मिळेनात. सुमारे २० किलोमीटरच्या या मार्गावर अलीकडे दिवसाला २० हजार प्रवासीही नसत. तिने गर्दी पाहिली ती चुकीच्या दिवशी. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसाने हार्बर लोकल बंद पडली, खोळंबलेली माणसे मोनोरेलकडे धावली, १०४ टनांसाठी बनवलेल्या गाडीत १०९ टनांच्या आसपास भार झाला, वीज घेणाऱ्या भागाचा संपर्क तुटला आणि गाडी उंचावर थांबली. काचा फोडून, अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून शेकडो प्रवाशांना उतरवावे लागले. पुढच्या महिन्यात सेवा स्थगित झाली. मोनोरेलचे तंत्र मुळात वाईट नाही, जपानमध्ये तोक्योची मोनोरेल १९६४ पासून विमानतळाची वाहतूक सांभाळते आहे. पण जिथे लोकांना जायचे आहे तिथे ती गेली नाही आणि डबे एकाच परदेशी कंपनीच्या साच्याचे. तिची वही सुरुवातीपासून एका ठेकेदाराच्या भरवशावर होती, आणि तो गेल्यावर ती कोणाची ते कोणालाच नीट सांगता येईना.

मग मुंबईने नवे काही आणूच नये का? तसे मुळीच नाही. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तिचा खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये आहे आणि मोठा वाटा जपानच्या कर्जाचा. काळबादेवी, गिरगाव, वरळी, विमानतळ अशी रेल्वे न पोहोचलेली ठिकाणे तिने जोडली, आणि १९२५ च्या लोकलसारखीच तिने एक दिसणारी अडचण सोडवली. कर्ज कोण फेडणार हे इथे निदान ठाऊक आहे. तिकिटाचे उत्पन्न चालवण्याच्या खर्चाला किती पुरेल, हे येत्या काही वर्षांत दिसेल. पण गाडीतून उतरून घरी जाणाऱ्याला स्थानकाबाहेर बस लागतेच, आणि ती बस ज्या वहीत आहे तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. हजारो कोटींच्या भुयाराला शेवटची दोन किलोमीटर जोडणारी बस तुटीच्या नावाखाली कमी होत गेली तर भुयाराचाच उपयोग घटतो.

विजेच्या वाहनांवरच्या नव्या संशोधनाची गंमत अशी की ते १९०५ च्या हिशेबाकडे परत नेते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले विलेट केम्प्टन यांनी आपल्या सहकाऱ्यासह एक कल्पना मांडली. विजेवरची वाहने बराच वेळ उभी असतात, त्या वेळात त्यांच्या बॅटऱ्या वीजजाळ्याला जोडल्या तर जास्तीची वीज साठवता येईल आणि मागणी चढल्यावर परत देता येईल. त्यानंतर जगभर या विषयावर प्रयोग झाले, अमेरिकेत शाळांच्या बसवरही झाले, कारण त्या दिवसाचा बराच भाग आणि उन्हाळ्याची सुट्टी उभ्याच असतात. शहरी बसचे गणित अवघड आहे, कारण तिला दिवसभर धावायचे असते. तरी कोणत्या आगारात, कोणत्या तासाला, किती गाड्या भरायच्या याचे वेळापत्रक वीजपुरवठ्याशी जुळवले तर खर्च बराच खाली येतो. सौरऊर्जा वाढल्यापासून दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग होत चालली आहे. दुपारच्या मंद वेळेत बसच्या काही पाळ्या आगारात भरून घेतल्या तर त्याचा फायदा दोन्ही बाजूंना मिळतो. दिव्यांची आणि ट्रामची मागणी एकमेकांत बसवणाऱ्या वाडी बंदरच्या अभियंत्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

हे जमवायला वीज वितरण आणि बस वाहतूक एका छताखाली असणे हा मोठा फायदा आहे, आणि देशातल्या मोठ्या शहरांत तो जवळजवळ एकट्या बेस्टकडे आहे. जुन्या शहरात तीच वीज देते, तीच आगारांची मालक आहे. पण गाड्यांची मालक ती नाही, आणि बॅटरी कधी, किती भरायची याचा निर्णय किलोमीटरमागे पैसे घेणाऱ्या ठेकेदाराच्या सोयीने व्हायचा. त्याच्या करारात वीजजाळ्याला मदत करण्याचा रकाना नाही. बॅटरी वारंवार भरून-रिकामी करून तिचे आयुष्य झिजवायला त्याला कसलेच कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या विजेच्या बसने अनेक जीव घेतले, तेव्हा नव्या तऱ्हेच्या गाडीचे प्रशिक्षण चालकाला कोणी, किती दिले हा प्रश्न पुढे आला. तोही मालकीचाच प्रश्न आहे. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे आगार नाही, आणि चालकाचा गणवेश ज्या संस्थेचा तिच्याकडे चालकाची नेमणूक नाही.

तूट परवडेनाशी झाल्यावर काही ठेकेदारांनी करार पुरा होण्याआधीच मुंबईतून आपल्या गाड्या काढून घेतल्या. १९०५ चा करार करणाऱ्या महापालिकेने परक्या कंपनीला मुदत दिली, पण मुदतीअखेर सारे विकत घेण्याचा हक्क लिहून घेतला होता, आणि १९४७ मध्ये तो बजावल्यावर शहराला चालती संस्था मिळाली. आजच्या भाडेकराराची मुदत संपली की गाडी ठेकेदाराची, बॅटरी ठेकेदाराची आणि ती चालवण्यात आलेले शहाणपणही त्याच्याच कर्मचाऱ्यांबरोबर निघून जाणार. बेस्टकडे उरतील आगारांच्या जमिनी, आणि त्यांच्या विकासाचे प्रस्ताव आताच टेबलावर आहेत.